मैदान कोणाचे? : स्टेफी डिसूझा यांच्या धावेचा धडा
(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

१९५४ सालच्या मे महिन्यात फिलिपाइन्समधील मनिला येथे दुसरी आशियाई क्रीडा स्पर्धा भरली होती. तीत स्त्रियांच्या चार गुणिले शंभर मीटर रिले शर्यतीत भारताचा संघ पहिला आला. संघात चौघीजणी होत्या : क्रिस्टीन ब्राउन, व्हायोलेट पीटर्स, मेरी डिसूझा आणि स्टेफी डिसूझा. त्यांपैकी स्टेफी डिसूझा पुण्याच्या. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९३६ चा. म्हणजे हे पदक मिळाले तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. तीन वर्षांपूर्वी, १९५१ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत जपान पहिला व भारत दुसरा आला होता. मनिलात तो क्रम उलटला. आशियाई मैदानी स्पर्धांत भारतीय स्त्रियांनी मिळवलेले हे पहिले सुवर्णपदक होय.

या घटनेचे स्मरण आज करण्याचे कारण काय, असा प्रश्न एखादा कार्यकर्ता विचारील. महागाई, बेकारी, पाणी, घरे हे प्रश्न समोर असताना सत्तर वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीवर वेळ का खर्च करावा? उत्तर असे की, ही शर्यत जिंकणाऱ्या मुलीची पुढची कारकीर्द नीट पाहिली, तर या समाजात मैदान कोणाला मिळते, किती काळ मिळते आणि कोणाच्या मर्जीने मिळते, हे लख्ख दिसते. जमिनीचा, शिक्षणाचा, रोजगाराचा हिशेब मांडण्याची सवय चळवळीला आहे. मैदानाचा हिशेब मात्र तिने क्वचितच मांडला.

प्रथम कारकीर्द पाहू. मनिलानंतर चार वर्षांनी, १९५८ साली टोकियोत तिसरी आशियाई स्पर्धा झाली. तीत स्टेफी डिसूझा यांनी दोनशे मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले आणि रिलेत भारताला ब्राँझपदक मिळाले, त्या संघातही त्या होत्या. धावण्याबरोबरच त्या हॉकीही खेळत आणि त्याही खेळात त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले. पुणेकर त्यांना कौतुकाने ‘फ्लाइंग रानी’ म्हणत. १९६३ सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. मैदानी स्पर्धांसाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९६४ साली टोकियोच्याच ऑलिंपिकमध्ये त्या चारशे मीटर धावल्या आणि प्राथमिक फेरीत बाद झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

वरवर पाहता ही एका यशस्वी खेळाडूची रीतसर कारकीर्द वाटते. पण तारखा एकापुढे एक मांडल्या की मधली रिकामी जागा डोळ्यांत भरते. आशियातील सर्वांत वेगवान रिले संघात धावलेली मुलगी १९५४ साली सतरा वर्षांची होती. ऑलिंपिकचे मैदान तिने पाहिले ते सत्ताविसाव्या वर्षी. मधल्या दहा वर्षांत दोन ऑलिंपिक होऊन गेली, १९५६ साली मेलबर्नला आणि १९६० साली रोमला. त्या दोन्हींत ती नव्हती.

याचे कारण केवळ एका खेळाडूच्या नशिबात शोधण्याची गरज नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९७२ या काळात झालेल्या सहा ऑलिंपिकमध्ये भारताच्या पथकात किती स्त्रिया होत्या, ते पाहावे. १९५२ च्या हेलसिंकीत चार : धावपटू मेरी डिसूझा व नीलिमा घोष आणि जलतरणपटू डॉली नाझीर व आरती साहा. १९५६ च्या मेलबर्नमध्ये एक, मेरी लीला राव. १९६० च्या रोममध्ये एकही नाही. १९६४ च्या टोकियोत त्रेपन्न खेळाडूंच्या पथकात एक, स्टेफी डिसूझा. १९६८ च्या मेक्सिकोत पुन्हा शून्य. १९७२ च्या म्युनिकमध्ये एक, कमलजीत संधू. वीस वर्षांत, सहा स्पर्धांत मिळून सात जागा. निम्मी लोकसंख्या स्त्रियांची असलेल्या, समान हक्काची राज्यघटना स्वीकारलेल्या देशाचा हा हिशेब आहे.

रिले शर्यत एकटीने धावता येत नाही, ही साधी गोष्ट या आकड्यांपुढे ठेवली म्हणजे त्यांचा पूर्ण अर्थ कळतो. मेलबर्नला भारताची एकच स्त्री गेली, याचा अर्थ असा की मनिलात आशियात पहिला आलेला चौघींचा संघ ऑलिंपिकला गेलाच नाही. गेला असता तर पदक मिळाले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मेलबर्नची शर्यत ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी जिंकली आणि त्यांचा वेग कितीतरी अधिक होता. परंतु आपल्याहून वेगवान माणसाबरोबर धावल्यावाचून वेग वाढत नाही. हा धडा पुरुषांच्या बाबतीत सर्वांना मान्य होता. स्त्रियांच्या बाबतीत मात्र पदकाची खात्री असल्याशिवाय प्रवासखर्च करायचा नाही, असा व्यवहार चालला.

त्याच ऑस्ट्रेलियन संघातील बेटी कथबर्ट यांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. वयाने त्या स्टेफी डिसूझांपेक्षा वर्ष-दीड वर्षाने लहान. १९५६ साली, अठराव्या वर्षी, त्यांनी शंभर मीटर, दोनशे मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदके मिळवली. १९६० साली त्या रोमलाही गेल्या. १९६४ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची चारशे मीटर शर्यत प्रथमच घेण्यात आली, ती त्यांनी जिंकली. त्याच शर्यतीच्या प्राथमिक फेरीत पुण्याच्या स्टेफी डिसूझा होत्या. दोघी एकाच पिढीच्या, दोघी कमी पल्ल्याकडून चारशे मीटरकडे वळलेल्या. एक तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये धावत होती, दुसरी पहिल्या आणि शेवटच्या. दोघींच्या गुणांत किती अंतर होते, हे आज कोणी सांगू शकणार नाही. दोघींना मिळालेल्या संधीत किती अंतर होते, हे मात्र कोणालाही मोजता येईल.

पैशाची गोष्ट याहून बोलकी आहे. मनिलाच्या संघातील मेरी डिसूझा मुंबईच्या वांद्र्याच्या. १९५२ साली हेलसिंकीसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा निवडीबरोबर प्रवासाचा पुरेसा पैसा आला नाही. स्नेह्यांनी आणि शेजाऱ्यांनी करमणुकीचे कार्यक्रम करून वर्गणी गोळा केली. देशाचे नाव अंगावर घेऊन धावणाऱ्या मुलीचा खर्च मोहल्ल्याने उचलला. त्या शेजाऱ्यांचे मोठेपण वादातीत आहे. पण ज्या मुलीला असे शेजारी नव्हते तिचे काय झाले असेल, हा प्रश्न उरतोच. त्याच मेरी डिसूझांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली, मनिलाच्या सुवर्णपदकानंतर एकोणसाठ वर्षांनी.

मित्रहो, आता आणखी एका गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. १९५१ च्या दिल्लीतील रिले संघाची नावे अशी : रोशन मिस्त्री, बानू गुलझार, पॅट मेंडोन्सा, मेरी डिसूझा. १९५४ च्या संघाची नावे आधी आलीच आहेत. या नावांत ख्रिस्ती आणि पारशी घरांतील मुली आहेत. नीलिमा घोष यांच्यासारखा अपवाद वगळला, तर त्या काळच्या वेगवान भारतीय स्त्रिया बहुतेक याच दोन समाजांतून आल्या. या समाजांतल्या मुलींच्या पायांत काही वेगळी शक्ती होती, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या शाळांत मुलींसाठी खेळाचा तास होता आणि घरच्यांना गुडघ्यापर्यंतच्या कपड्यांत धावणाऱ्या मुलीची लाज वाटत नव्हती, एवढेच. म्हणजे देशाचा संघ निवडला जाण्यापूर्वीच एक मोठी निवड होऊन गेलेली होती. ती घराघरांतून, उंबरठ्याच्या आत झाली होती आणि तीत बहुसंख्य हिंदू, मुसलमान, दलित, आदिवासी मुली बाद झाल्या होत्या.

पुण्याच्या दृष्टीने ही बाब अधिक बोचणारी आहे. याच शहरात १८४८ साली सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. मुलीने अक्षर गिरवले तर धर्म बुडेल, असे म्हणणाऱ्यांशी या शहरात झगडा झाला आणि तो जिंकला गेला. पण पाटी मिळालेल्या मुलीला मैदान मिळायला आणखी शंभर वर्षे पुरली नाहीत. सुधारकी घरांतूनही मुलगी कॉलेजात गेली, नोकरीला लागली. तिन्हीसांजेनंतर धावण्याच्या सरावाला मात्र गेली नाही. बुद्धीचा हक्क मान्य झाला. शरीराचा हक्क मान्य व्हायला वेळ लागला, कारण धावणारी मुलगी आपल्या शरीराची आणि आपल्या संध्याकाळची मालकी स्वतःकडे घेते.

भारताच्या ऑलिंपिक प्रवासाची सुरुवात याच शहरात झाली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक मैदानी स्पर्धा झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथे खेड्यांतून आलेले शेतकरी अनवाणी धावताना पाहिले. त्यांना रीतसर शिक्षण मिळाले नसतानाही त्यांचा वेग युरोपातील धावपटूंच्या तोडीचा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन धावले. कुळांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या अनवाणी पायांची कदर प्रथम पुण्याच्या मैदानावर झाली, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या मैदानावर त्या शेतकऱ्यांच्या बहिणी नव्हत्या. भारताची पहिली स्त्री धावपटू ऑलिंपिकला जायला त्यानंतर बत्तीस वर्षे लागली.

यात एकट्या भारताला दोष देणेही न्यायाचे नाही. ऑलिंपिकच्या मैदानी शर्यतींत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९२८ साली ॲमस्टरडॅमला. तेथे आठशे मीटर धावून आलेल्या काही स्त्रिया दमल्या, म्हणून एवढे अंतर स्त्रीच्या देहाला झेपत नाही, असा निकाल संयोजक पुरुषांनी दिला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. शर्यतीनंतर पुरुषही दमतात. त्यावरून पुरुषांची शर्यत बंद करावी, असे कोणाला सुचले नाही. स्त्रियांच्या मॅरेथॉनसाठी तर १९८४ साल उजाडावे लागले. शेतात, गिरणीत, खाणीत स्त्री दिवसभर राबते तेव्हा तिच्या देहाची चिंता कोणी करीत नाही. ती स्वतःच्या आनंदासाठी धावू लागली की वैद्यकशास्त्र आठवते.

चळवळीतील काही मंडळींचा एक जुना आक्षेप आहे. स्पर्धात्मक खेळ म्हणजे भांडवली करमणूक. पदकांच्या गर्दीत लोकांचे मूळ प्रश्न झाकले जातात, असे ते म्हणतात. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. सत्ताधारी पदकाचा उपयोग कसा करतात, विजेत्याला विमानतळावर हार घालणारे पुढारी सरावाच्या वर्षांत कोठे असतात, हे सर्वांना माहीत आहे. परंतु त्यावरून खेळच त्याज्य ठरवणे म्हणजे पुस्तकांचा व्यापार होतो म्हणून वाचन सोडण्यासारखे आहे. घरात दूध आणि अंडे प्रथम कोणाच्या ताटात पडते, शाळा सुटल्यावर कोणाला चेंडू मिळतो आणि कोणाच्या काखेत धाकटे भावंड येते, गल्लीतली मोकळी जागा कोणाच्या ताब्यात असते, हे विषमतेचेच प्रश्न आहेत. मैदान हा त्यांचा एक उघडा ताळेबंद आहे.

या ताळेबंदात काही जमाही झाली आहे, ती नाकारू नये. १९७० साली बँकॉकला कमलजीत संधू यांनी चारशे मीटर जिंकून आशियाई स्पर्धेतील भारतीय स्त्रीचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. १९८४ साली लॉस एंजेलिसला चार गुणिले चारशे मीटर रिलेत पी. टी. उषा, शायनी अब्राहम, एम. डी. वलसम्मा आणि वंदना राव यांचा संघ अंतिम फेरीत पोहोचून सातवा आला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. १९५४ च्या यादीत ज्या घरांची नावे नव्हती, त्या घरांतून या मुली आल्या. हा बदल मोठा आहे.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या दोघी लांब पल्ल्याच्या धावपटू आहेत. लांब पल्ल्याची धावपटू गावच्या रस्त्यावर, डोंगराच्या पायवाटेवर, अनवाणीसुद्धा घडू शकते. शंभर मीटर आणि रिले यांचे तसे नाही. त्यासाठी आखलेला, सपाट ट्रॅक लागतो, खिळ्यांचे बूट लागतात, सुरुवातीचा ठोकळा लागतो, पायाची ठेवण पाहणारा शिक्षक लागतो. रिलेत तर बॅटन देणारी आणि घेणारी यांनी शेकडो वेळा एकत्र सराव करावा लागतो. घेणारी मागे वळून पाहत नाही. ती पूर्ण वेगात निघते, हात मागे करते आणि बॅटन हातात पडेल या भरवशावर धावते. ठरवून दिलेल्या मोजक्या मीटरांत हे झाले नाही तर संघ बाद. असा भरवसा एकट्या जिद्दीतून येत नाही. त्याला रोजचे मैदान, रोजची सोबत आणि काही वर्षांची शाश्वती लागते. गरिबाची मुलगी जिद्दीच्या बळावर कोठपर्यंत जाते आणि सार्वजनिक व्यवस्थेवाचून कोठे अडते, ती रेषा येथे स्पष्ट दिसते. गरीब घरातून आलेल्या विजेतीच्या जिद्दीचे गोडवे गाताना व्यवस्थेची जबाबदारी झाकली जाऊ नये.

पुण्यात साधने अजिबात नाहीत, असे म्हणता येणार नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले. २०१३ साली तेथे आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा झाल्या आणि त्यांत भारतीय स्त्रियांनी चार गुणिले चारशे मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकले. मनिलात पुण्याच्या मुलीने हाती घेतलेली बॅटन एकोणसाठ वर्षांनी पुण्याच्या मैदानावर पुन्हा पहिली आली, असे म्हणायला हरकत नाही. पण जनता वसाहतीतून किंवा येरवड्याच्या वस्तीतून बालेवाडी किती दूर आहे, तेथे पोहोचायला किती बसगाड्या बदलाव्या लागतात, परतताना किती वाजतात, हे त्या वस्तीतील मुलीच्या आईला विचारावे. भव्य संकुल शहराच्या टोकाला आणि वस्तीजवळची मोकळी जागा मोटारी उभ्या करायला किंवा मांडवाला, अशी वाटणी असेल तर स्टेफी डिसूझा पुन्हा घडणार नाहीत.

कार्यकर्त्यांना करण्यासारखे काम यातूनच निघते. आपापल्या वॉर्डात संध्याकाळी पाच ते सात या वेळात मैदानावर मुले किती आणि मुली किती, हे आठवडाभर मोजावे आणि आकडे लिहून ठेवावेत. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखलेल्या जागांची यादी महापालिकेकडून मागवून प्रत्येक जागेवर आज काय उभे आहे, ते पाहून यावे. महापालिकेच्या शाळांत खेळाचा तास खरोखर होतो का, की त्या तासाला मुलींना वर्ग झाडायला लावतात, हे पाहावे. मैदानावर मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छ शौचालय आहे का, हे विचारावे. पुष्कळ मुलींची कारकीर्द याच क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने तेराव्या-चौदाव्या वर्षी संपते. आणि एवढे सारे करण्यापूर्वी आपल्याच घरातील मुलगी संध्याकाळी कोठे असते, याचे उत्तर स्वतःशी द्यावे.

१९६४ साली टोकियोच्या मैदानावर त्रेपन्न भारतीयांत एकटी स्त्री उभी होती. ती पुण्याची होती याचा अभिमान या शहराने अवश्य बाळगावा. ती एकटी होती, याची जबाबदारीही शहराने घ्यावी. मनिलात तिच्याबरोबर तिघीजणी होत्या, म्हणून ती जिंकली.